नळीखालची अक्षरं: जुन्या शॉटगन आणि ट्रॅप शूटिंगचा माग काढू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

भोरजवळच्या आमच्या आजोळी माजघरातल्या कपाटात मामाची बारा बोअरची दुनळी, म्हणजे छर्रे उडवणारी शॉटगन असायची. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर ‘रिचर्ड्स’ हे नाव कोरलेलं. घरात सगळ्यांची ठाम समजूत, की ही बंदूक अस्सल विलायती आणि ती कुण्या साहेबानं मायदेशी परत जाताना पणजोबांना दिली. मामा गेल्यावर धाकट्या मामेभावाचा फोन आला, “दादा, बंदुकीचं काय करायचं रे?” जुन्या शॉटगन आणि ट्रॅप शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या थाळ्या बंदुकीनं फोडायचा खेळ, यांचा माझा नाद तिथून सुरू झाला. आता पुण्यातली ओळखीची माणसं अधूनमधून मलाच हा प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

संग्रह म्हणजे दोन बंदुका

अमेरिकेत जुन्या शॉटगन जमवणारी माणसं भिंतभर बंदुका लावतात. त्यांचे फोटो पाहून कुणी या छंदात पडणार असेल तर आधी थांबा. आपल्याकडे २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाहक्कानं आलेली बंदूकही या दोनांतच मोजतात. तेव्हा पुण्यात बसून हा छंद करायचा तर भर लोखंडावर नाही, इतिहासावर द्यावा लागतो. मला तरी ते सोयीचंच वाटतं. शंभर बंदुकांना रोज तेल कोण लावणार?

परवाना कुठून मिळतो हे राहत्या पत्त्यावर ठरतं. पुणे शहरात पोलीस आयुक्तालय, पिंपरी-चिंचवडला २०१८पासून त्यांचं स्वतंत्र आयुक्तालय, आणि भोर, मुळशी, जुन्नरसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परवाना पाच वर्षांसाठी असतो. त्यावर यूआयएन, म्हणजे देशभरातल्या परवान्यांच्या नोंदीतला ओळख क्रमांक आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. जुन्या घरांमध्ये आजोबांच्या काळातलं परवान्याचं पुस्तक सापडतं, शिक्केही असतात, पण यूआयएन नसतो आणि वारसांना वाटतं सगळं ठीक आहे. ते ठीक नसतं.

घरातला परवानाधारक वारला तर त्याची बंदूक परवाना नसलेल्या माणसानं घरात ठेवायची नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, लेखी पोच घ्यायची आणि मग वारसानं आपल्या नावावर अर्ज करायचा. मामेभावाला मी फोनवर पहिलं हेच सांगितलं: “आधी ठाण्यात जमा कर आणि पावती घे. ती मोठ्या कंपनीची आहे का ते नंतर बघू.” एका परवानाधारकानं दुसऱ्याला बंदूक विकायची असेल तरी आधी लेखी कळवावं लागतं आणि ४५ दिवस थांबावं लागतं. ‘आज पैसे द्या, आज घेऊन जा’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघायचं.

“पण ही तर अँटिक आहे, हिला परवाना कशाला?” हा प्रश्न येतोच. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटू शकणार नाही अशांनाच. मामाची शंभर वर्षांपलीकडची दुनळी दसऱ्याला पुजायला काढली की घोडा अजून खणखणीत पडायचा, म्हणजे सूट नाही. बंदूक खरोखरच निकामी आहे का हे आपण ठरवायचं नसतं. परवाना शाखेकडून लेखी घ्यायचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपण होऊन परदेशी पाठवण्याचा विचारही करू नका, तिथे १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. उलट बाहेरून बंदूक आणणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांना जवळपास बंदच आहे. म्हणून आपल्याकडे मध्यम दर्जाच्या विलायती दुनळीलाही अवाच्या सवा भाव सांगतात. भावावरून दर्जा ओळखायला जाऊ नका.

नाव वाचू नका, शिक्के वाचा

नवखा माणूस पट्टीवरचं नाव वाचतो आणि हुरळतो. मीही हुरळलो होतो. पट्टीवर बहुतेक वेळा विकणाऱ्याचं नाव असतं. कलकत्त्याचे मँटन, रॉडा, लायन अँड लायन, किंवा मुंबईत दुकान असलेलं आर्मी अँड नेव्ही, या नावांच्या बंदुका अनेकदा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार होऊन इथे नुसत्या नाव घालून विकल्या जात. त्यापुढचा प्रकार आणखी मजेशीर. बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यांनी नामांकित इंग्रजी कंपन्यांशी मिळतीजुळती नावं घालून स्वस्त बंदुकांचे ढीग काढले. ‘वेस्टली रिचर्ड्स’ ही बर्मिंगहॅमची खरी, मोठी कंपनी. नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ किंवा ‘रिचर्ड्स’ दिसलं की भुवया उंचावायच्या.

खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असते. बंदूक परवानाधारकाच्या ताब्यात, त्याच्या समोर, काडतुसाची दोन्ही घरं रिकामी आहेत हे बोट घालून तपासल्यावरच उघडायची. पुढचा लाकडी भाग, म्हणजे फोरएंड काढला की नळ्या सुट्या होतात. त्या उलट्या करून मऊ कापडावर ठेवा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च एका बाजूनं, अगदी आडवी धरा. सावली पडली की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. मोबाइलनं फोटो काढाच, पण पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवून ठसाही घ्या. फोटोत हुकलेलं अक्षर ठशात सापडतं. भिंग बोहरी आळीत मिळेल, घड्याळजी वापरतात तसलं घ्या.

मग हे बघायचं:

- मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड आणि सोबत बी, सी, पी किंवा व्ही ही रोमन अक्षरं: बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का, १८१३ ते १९०४ या काळातला. १९०४नंतर तिथे मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी येतात. एनपी म्हणजे नायट्रो पावडरसाठी, काळ्या दारूनंतर आलेल्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली नळी.
- मुकुटाखाली गुंफलेलं जीपी: लंडनची तपासणी.
- ‘नॉट फॉर बॉल’: १८७५ ते १८८७. नळीचं तोंड आवळलेलं, म्हणजे चोक केलेलं असल्यानं यात छर्र्यांऐवजी अखंड गोळी घालू नका, ही सूचना. १८८७पासून त्याच जागी ‘चोक’ हा शब्द येतो.
- पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकारात १२ आणि सी: १८८७नंतरची बारा बोअर.
- अंडाकृतीत ईएलजी: लिएज. त्यावर मुकुट असेल तर १८९३नंतरची. १९२२पासून लिएजला वर्षाचं अक्षरही मारू लागले.

इथे माझ्याकडून झालेला एक गाढवपणा सांगायला हवा. कॉलेजात असताना एका दिवाळीच्या साफसफाईत मामाला मदत म्हणून मी एका नळीचा खालचा भाग पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला. मामा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. बोलायला हवं होतं त्यानं. त्या नळीवरचे शिक्के कायमचे गेले. नशीब, दुसऱ्या नळीपर्यंत पोचण्याआधी फराळाची हाक आली. तीस वर्षांनी, बंदूक मामेभावाच्या नावावर झाल्यावर, त्या वाचलेल्या नळीवर मुकुटाचं ईएलजी मिळालं आणि वर्षाचं अक्षर काही सापडलं नाही. म्हणजे १८९३ आणि १९२२च्या मधली लिएजची दुनळी. साहेबाची गोष्ट खरीही असेल, पण विलायतेची मात्र नाही. बंदुकीचा तपकिरी रंग हा गंज समजून घासू नका. तो बहुधा मुद्दाम दिलेला असतो, आणि त्याच्या खालीच इतिहास असतो.

पट्टीवरचा पत्ताही उपयोगी. लंडनची पर्डी ही बंदुकांची कंपनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या ३१४½ क्रमांकातून साउथ ऑडली स्ट्रीटला गेली. पत्ता ऑक्सफर्ड स्ट्रीटचा असेल तर बंदूक त्याआधीची. यंत्रणेवरूनही अंदाज येतो. काडतुसातून पिन बाहेर येणारी रचना फ्रेंच बंदूककार लफोशोची, १८३०च्या दशकातली. बाहेर घोडे नसलेली आणि डब्यासारख्या पेटीत यंत्र असलेली रचना बहुधा वेस्टली रिचर्ड्सच्याच अॅन्सन आणि डीली या दोघांच्या १८७५च्या पेटंटवरची किंवा तिची नक्कल. बाहेर घोडे दिसले म्हणून बंदूक आपोआप फार जुनी ठरत नाही, घोड्यांच्या बंदुका पुढेही बरीच वर्षं बनत राहिल्या.

कबुतरापासून मातीच्या थाळीपर्यंत

आता तुमच्या हातातल्या बंदुकीचा खेळाशी काही संबंध आहे का, हे शोधायचं तर खेळ कसा बदलत गेला हे ठाऊक हवं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कबुतर जमिनीतल्या खड्ड्यात ठेवून वर जुनी टोपी पालथी घालत. दोरी ओढली की टोपी उडे, कबुतर उठे आणि बंदूक चाले. लंडनजवळच्या ईलिंगला ‘ओल्ड हॅट्स’ नावाची खानावळ होती ती यावरूनच. पुढे टोपीच्या जागी झाकणाची पेटी आली, ती ‘ट्रॅप’. आजही रेंजवर नेमबाज ‘पुल’ ओरडतो, निशाण्याला ‘बर्ड’ म्हणतात आणि चुकलं की ‘लॉस्ट’. पक्षी केव्हाच गेले, शब्द तेवढे राहिले.

लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ साली मुळात कबुतरं टिपण्यासाठीच सुरू झाला, आणि तिथे हा प्रकार १९०५पर्यंत चालला. क्लबच्या चिन्हात आजही कबुतर आहे. माँटे कार्लोची मोठी स्पर्धा १८७२पासूनची. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली आणि बेल्जियमच्या लेओं द लुंदेननं २१ पक्षी पाडून ती जिंकली. ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा झाली नाही. ब्रिटनमध्ये १९२१ साली पेटीतून सोडलेल्या पक्ष्यांवर गोळी झाडायला कायद्यानंच बंदी आली.

अमेरिकेतला पहिला नोंदलेला ट्रॅप सामना १८३१चा, सिनसिनाटीतला. तिथे कबुतरं मिळेनाशी झाली तशी काचेच्या चेंडूंची कल्पना निघाली. बोस्टनच्या चार्ल्स पोर्टलॉकनं १८६६ला ती आणली. नावाजलेला नेमबाज कॅप्टन अॅडम बोगार्डसनं १८७७मध्ये चेंडूवर खरबरीत रेघा काढल्या, म्हणजे छर्रे घसरून जाणार नाहीत. काही चेंडूंत पिसं भरलेली असत, फुटले की पक्षी पडल्याचा भास. पण काचेचे तुकडे मैदानभर, आणि चेंडू वर जाऊन सरळ खाली येणार, त्यात फसवण्यासारखं काही नाही.

१८८० साली सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीनं मातीच्या चपट्या थाळीचं पेटंट घेतलं. मुलं पाण्यावर शिंपले फेकून भाकऱ्या काढताना पाहून त्याला हे सुचलं असं सांगतात. मुठेच्या काठानं दगडांच्या भाकऱ्या काढलेल्या कुणालाही पटेल अशी ही गोष्ट. त्याच्या थाळ्या इतक्या कडक भाजलेल्या होत्या की छर्रा लागून फुटण्याऐवजी घंटेसारखा आवाज यायचा. नंतर डांबर आणि चुनखडीचं मिश्रण आलं, ते आजतागायत चालू आहे. १८८३ला लिगोव्स्कीच्या थाळ्यांवर बोगार्डस आणि दुसरा नेमबाज डॉक कार्व्हर यांचे गावोगावी २५ सामने झाले, बहुतेक कार्व्हरनं जिंकले. ग्रँड अमेरिकन हँडिकॅप ही तिथली मोठी स्पर्धा १८९३ला जिवंत पक्ष्यांवर सुरू झाली आणि १९०० साली मातीच्या थाळ्यांवर आली.

आपल्याकडे हा धागा बिकानेरचे महाराजा कर्णी सिंग यांच्यापाशी ठळक होतो. १९६२च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांना ट्रॅपमध्ये रौप्य मिळालं. पुढे २००४ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड, डबल ट्रॅपचं (एकाच वेळी दोन थाळ्या) रौप्य. २००६ला मानवजित संधू ट्रॅपचा जगज्जेता.

कबुतराची बंदूक कशी ओळखायची

शिकारीची हलकी बंदूक आणि पैजा लावून कबुतरं टिपायच्या मैदानावरची बंदूक यांत फरक असतो, आणि तो शोधण्यातच या छंदाची खरी मजा आहे. कॅम्पातल्या एका वृद्ध पारशी परवानाधारकांनी मला त्यांची दुनळी दाखवली तेव्हा मी आधी चापाच्या वरच्या भागाकडे पाहिलं. सेफ्टीच, म्हणजे चाप अडवणारी कळच नव्हती. “तुटली असेल, डिकरा,” ते म्हणाले. तुटली नव्हती, मुळात बसवलेलीच नव्हती. पैज लागलेली असताना सेफ्टी काढायला विसरलात तर पक्षी गेला आणि पैसेही गेले. म्हणून पुष्कळ कबुतरी बंदुकांना ती देतच नसत.

मग बाकीच्या खुणा एकेक करून जुळल्या. नळ्या ३० इंची, शिकारीच्या बंदुकीपेक्षा लांब. वजन साडेसात पौंडांच्या वर, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, कारण जड बंदूक खांद्याला कमी धक्का देते. दोन्ही नळ्यांना घट्ट चोक. नळ्यांच्या मुळाशी दोन्ही अंगांना लहान कान, ज्यामुळे जोरदार काडतुसाला नळ्या आडव्या हलत नाहीत. वरची पट्टी रुंद, सपाट. दस्त्याला उतार कमी, कारण पेटीतून सुटलेला पक्षी वर चढत असतो आणि बंदूकही जरा वरच मारायला हवी. नळीखाली सव्वा औंसाचा आकडा. सव्वा औंस म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम छर्रे. आज ऑलिंपिक ट्रॅपमध्ये २४ ग्रॅमचं काडतूस असतं. एकच खूण जुळली म्हणून निष्कर्ष काढू नका. चार-पाच एकत्र आल्या तर पुढच्या कामाला लागा.

पत्रं आणि वर्तमानपत्रं

पुढचं काम म्हणजे अनुक्रमांक. जुन्या इंग्रजी कंपन्यांपैकी पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या वह्या टिकल्या आहेत. नंबर, शिक्क्यांचे फोटो आणि नळीची लांबी कळवून नम्र पत्र लिहिलं तर शुल्क घेऊन त्या पानाचा तपशील देण्याची पद्धत आहे. विंचेस्टर आणि एल. सी. स्मिथ या अमेरिकन नावांसाठी वायोमिंगमधल्या कोडी गावचं शस्त्रसंग्रहालय आहे. पारशीबाबांच्या बंदुकीचं उत्तर सात आठवड्यांनी आलं. मूळ ग्राहकाच्या नावापुढे एकच शब्द जास्तीचा होता: ‘पिजन’. बाबांनी ते पत्र लगेच फ्रेम करून घेतलं.

लिएजच्या बंदुकीसाठी असं पत्र लिहिण्याचा फारसा उपयोग नसतो. तिथे घरोघरी सुटे भाग बनायचे आणि नाव घालणारा भलताच असायचा.

नाव मिळालं की वर्तमानपत्रं. लंडनचं ‘द फील्ड’ १८५३पासून निघतंय, अमेरिकेतलं ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ १८७३ ते १९३० निघत होतं. दोन्हींत सामन्यांचे निकाल, नेमबाजांची नावं आणि कुठे कुठे बंदूक कुणाची हेही छापलेलं असतं. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह संगणकावर फुकट बघता येतो. एक खाचखळगा सांगतो: ‘ट्रॅपशूटिंग’ असा एकच शब्द टाकलात तर हाती फार लागणार नाही. तेव्हा ‘पिजन शूटिंग’, ‘पिजन मॅच’, ‘ग्लास बॉल’ असं लिहीत. आडनावाची दोन-तीन स्पेलिंग करून बघा. जुनी छपाई यंत्र चुकीची वाचतं. पुण्यातच बसून नजर तयार करायची तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथली शस्त्रं शॉटगनच्या काळाआधीची आणि देशी, पण लोखंडावरची कारागिरी वाचायची सवय तिथे लागते.

ज्यांना परवान्याच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे: काचेचे चेंडू, स्पर्धांची पदकं, जुन्या बंदूकवाल्यांचे कॅटलॉग, निकालपत्रकं. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. मला तिथे एकदा काडतुसाचं तोंड वळवायचं पितळी हातयंत्र मिळालं, विकणारा ते शेवया करायचं म्हणून देत होता. काडतूस मात्र, जुनं असो वा रिकामं वाटत असो, परवान्याशिवाय विकत घेऊ नका.

चालवायची का?

नाही. उगवत्या उत्साहात सगळ्यांना हेच करायचं असतं, म्हणून कारण सांगतो. फुलाफुलांची नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या असतात आणि बहुतेक काळ्या दारूसाठी. जोड आतून गंजला असेल तर बाहेरून कळत नाही. दुसरं, जुन्या बंदुकांचं घर बहुधा अडीच इंचाचं, ६५ मिलिमीटरचं. आजची बरीचशी काडतुसं ७० मिलिमीटरची. मोठं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उघडतं, जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय असं समजू नका. शिकारीचा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्यानं निकालात काढलाय.

सांभाळायचं मात्र नीट. पुण्याचा पावसाळा बंदुकीला मारतो. कातड्याच्या किंवा कॅनव्हासच्या गवसणीत जून ते सप्टेंबर ठेवलेली नळी गणपतीपर्यंत लाल होते. कुलपाच्या लोखंडी कपाटात, उघडी, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ठेवा. नळीला बंदुकीचं तेल, अगदी पातळ थर. खोबरेल नको, ते चिकटून बसतं. अक्रोडाच्या दस्त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल, थेंबभर, तळहातानं चोळून. बंदूक तोंड खाली करून ठेवली तर तेल ओघळून लाकडात मुरत नाही.

निवडणुकीच्या आधी जमा करायचा आदेश आला तर बंदूक ठाण्यात देण्यापूर्वी तिचे फोटो काढा आणि पावतीवर अनुक्रमांक बरोबर लिहिलाय ना ते तिथेच वाचा. मामेभावाच्या पावतीवर एकदा दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. ती दुरुस्त करून घ्यायला भोरच्या चार फेऱ्या पडल्या.

प्रत्येक बंदुकीची फाइल करा: शिक्क्यांचे ठसे, फोटो, पत्रं, परवान्याची प्रत, जमा-पावत्या. आमच्या फाइलीच्या पहिल्या पानावर मामेभावानं मोठ्या अक्षरात लिहिलंय: “मी गेलो तर ही आधी ठाण्यात जमा करा.” त्याच्या खाली त्याच्या मुलीनं बॉलपेननं पुरवणी जोडली आहे: “आणि दादाकाकाला हात लावू देऊ नका, तो घासतो.”